सुरीला किती खर्च येतो?

गेल्या दिवाळीत आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेली दोन मुले भेटायला आली. एकाच्या घरी पिढीजात लोहारकाम, दुसऱ्याने आयटीआयमधून फिटरचा अभ्यासक्रम केलेला. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या करून विकायच्या असा दोघांचा बेत होता. "सर, पट्ट्याचा ग्राइंडर घ्यायचा म्हणतोय. चाळीस हजारांना पडतोय. कर्ज काढू का?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. आम्ही दोघे, एक विज्ञानाचे आणि एक कार्यानुभवाचे शिक्षक. अर्ध्या तासात उत्तर देऊ असे आम्हाला वाटले. पुढचे सहा रविवार त्यात गेले.

सुरुवात पोलादापासून केली, कारण मुलांचा पहिला विचार भंगारातून पैसे वाचवण्याचा होता. २० सेंटिमीटर लांब, ३ सेंटिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड अशी पट्टी घेतली तर तिचे घनफळ १८ घनसेंटिमीटर होते. पोलादाची घनता ७.८५ धरली तर वजन भरते सुमारे १४१ ग्रॅम. म्हणजे एका किलोत सात सुऱ्या! नवे, दर्जा माहीत असलेले पोलाद घेतले तरी एका सुरीच्या वाट्याला येणारी रक्कम फार मोठी नसते. उलट, फुकटचा तुकडा चुकीचा निघाला तर त्यावर केलेली सगळी मेहनत वाया जाते.

हे आम्ही अनुभवाने शिकलो. भंगारातून आणलेल्या एका पट्टीवर आम्ही तीन संध्याकाळी कानस चालवली, छान पाते तयार केले, तापवून पाणी दिले. पण पाते काही कडक होईना. ते साधे सौम्य पोलाद होते. त्यात कार्बन साधारण ०.२ टक्के असतो आणि तेवढ्यावर धार टिकत नाही. ट्रकच्या कमानपाट्यात कार्बन ०.५ ते ०.६ टक्के असतो, तर जुन्या कानशीत एक टक्क्याच्या आसपास किंवा अधिक. कमानपाटा बहुतेक गावांत मिळतो आणि लोहारांच्या हातातला आहे, म्हणून आम्ही तोच निवडला. मात्र त्याला बारीक तडे गेलेले नाहीत ना, हे आधी पाहावे लागते.

भंगार वापरायचेच असेल तर एक चाचणी आधी करावी. बोटभर तुकडा लालभडक तापवून तेलात बुडवावा, मग व्हाइसमध्ये पकडून, वरून जाड फडके टाकून हातोडा मारावा. वाकला तर ते पोलाद सुरीच्या कामाचे नाही. काचेसारखा कट्कन तुटला आणि तुटलेली बाजू बारीक, करड्या कणांची दिसली तर काम झाले. दहा मिनिटांच्या या चाचणीने आमच्या तीन संध्याकाळी वाचल्या असत्या. (डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा भट्टीत कधीही घालू नये, त्याचा धूर बाधतो.)

पाणी देण्यात नेमके काय घडते? तापवलेल्या लोखंडाच्या स्फटिकात कार्बनचे अणू विरघळतात. सावकाश थंड केले तर ते बाहेर पडून लोह-कार्बनचे वेगळे थर बनवतात. एकदम थंड केले तर त्यांना बाहेर पडायला वेळच मिळत नाही. ते अडकून पडतात, स्फटिक ताणला जातो आणि धातू कडक व ठिसूळ होतो. या रचनेला जर्मन शास्त्रज्ञ अडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. तापमान पुरेसे झाले की नाही हे कसे ओळखायचे? त्यासाठी महागडे उपकरण घ्यायची गरज नाही. लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सिअसला चुंबकाकडे ओढले जाणे सोडून देते. दांडीला बांधलेले चुंबक पात्याला लावून पाहायचे. चिकटेनासे झाले की रंग आणखी थोडा उजळेपर्यंत तापवायचे आणि बुडवायचे. वर्गात हा प्रयोग खिळ्यावर करून दाखवता येतो आणि मुलांना तो जादूसारखा वाटतो.

आमचे दुसरे पाते मात्र आम्ही घाईने बादलीतल्या पाण्यात बुडवले आणि 'टिंग' असा आवाज आला. धारेपासून पाठीपर्यंत तडा! पृष्ठभाग आधी थंड होतो, आतला भाग मागून. मार्टेन्साइट होताना धातू किंचित फुगतो, त्यामुळे आत-बाहेर ओढाताण होते. कमानपाट्याला तेलच योग्य. ५०-६० अंशांपर्यंत कोमट केलेले खाद्यतेल चालते. त्यानंतर पाते सुमारे २०० अंशांवर दोन तास ठेवून ठिसूळपणा कमी करायचा. घरगुती ओव्हन नसेल तर तापलेल्या वाळूत ठेवून घासलेल्या पात्याचा रंग पाहायचा: गवतासारखा फिकट पिवळा आला की थांबायचे. निळा दिसला म्हणजे सुरीच्या धारेसाठी फार मऊ झाले.

आता भट्टी. इथे आम्हाला सर्वांत मोठे आश्चर्य वाटले. १४१ ग्रॅम पोलाद ८५० अंशांपर्यंत न्यायला, सरासरी विशिष्ट उष्णता सुमारे ०.६५ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश धरली तर, ७५-८० हजार ज्यूल लागतात. लोणारी कोळशाच्या एका ग्रॅमपासून सुमारे ३० हजार ज्यूल मिळतात. म्हणजे हिशेबाने एका तापवणीला तीन ग्रॅमही कोळसा लागू नये! आमच्या पहिल्या, उघड्या भट्टीत तासाला किलोभर जळत होता. बाकीची सगळी उष्णता शाळेच्या मागच्या आवाराला मिळाली. भट्टी लहान केली, उष्णतारोधक विटांनी तिन्ही बाजूंनी बंद केली, तेव्हा निम्म्याहून कमी कोळशात भागले. वारा द्यायला लोहाराच्या घरचा हातपंखा होताच. यंत्रावर पैसे घालण्याआधी विटांवर घालावेत, हे आमचे स्पष्ट मत झाले.

ऐरणीबद्दल थोडक्यात. अनेकजण रेल्वेच्या रुळाचा तुकडा वापरतात, आणि तो उत्तम चालतोही. पण पावतीशिवाय असा तुकडा जवळ ठेवणे १९६६च्या रेल्वे मालमत्तेविषयीच्या कायद्यानुसार अंगाशी येऊ शकते. मोठ्या घणाचे डोके लाकडी ओंडक्यात रोवले तरी सुरीपुरते भागते.

राहता राहिला ग्राइंडर. त्याआधी कानशीची गोष्ट. पोलाद लाल तापवून रात्रभर राखेत पुरले की सावकाश थंड होऊन मऊ पडते, आणि कानस लोण्यासारखी नाही तरी बऱ्यापैकी चालते. कानशीला लांब दांडी जोडून ती एका कडीतून सरकवली की कोनही स्थिर राहतो. असे एक पाते उतरवायला मुलांना तीन तास लागले. ओळखीच्या एका कारखान्यातल्या पट्ट्याच्या ग्राइंडरवर तेच काम अर्ध्या तासात झाले.

तर वाचले अडीच तास. मुलांनी आपल्या तासाची किंमत ६० रुपये धरली, म्हणजे १५० रुपये. त्यातून झिजणारे पट्टे आणि वीज यांचे, समजा, ७० रुपये वजा केले की एका सुरीमागे ८० उरतात. ४०,००० भागिले ८० म्हणजे ५०० सुऱ्या, तेही व्याज न धरता. महिन्याला दहा सुऱ्या खपल्या तर चार वर्षांहून जास्त. चाळीस खपल्या तर वर्षाहून थोडे जास्त. प्रश्न ग्राइंडर चांगला की वाईट हा नव्हताच. सुऱ्या किती खपतात हा होता, आणि ते मुलांनी कुणाला विचारलेच नव्हते.

यंत्र पुढे घेतलेच तर त्याचा वेगही तपासावा. मिनिटाला १४४० फेऱ्यांच्या मोटरवर १० सेंटिमीटर व्यासाचे चाक असेल तर पट्टा सेकंदाला साडेसात मीटर धावतो. चाक दुप्पट केले की वेग दुप्पट. वेग वाढला की काम भराभर होते, पण पाणी दिलेले पाते तापून धार निळी पडते आणि पुन्हा मऊ होते. पाते हातमोज्याशिवाय धरावे आणि बोटाला चटका जाणवताच पाण्यात बुडवावे, हा जुन्या कारागिरांचा तापमापक आहे. नाकावर मास्क मात्र हवाच.

मुलांनी कर्ज काढले नाही. तीन चांगल्या कानशी, विटा, एक चुंबक आणि डब्बाभर तेल एवढ्यावर त्यांनी सुरुवात केली. पहिल्या बारा सुऱ्या आठवडी बाजारात आणि दोन खानावळींत गेल्या. त्यातली एक आमच्या घरी आहे. मुठीची रिबीट थोडी वाकडी बसली आहे, पण कांदा छान कापते. वहीत ते प्रत्येक सुरीला लागलेला वेळ आणि कोळसा लिहितात. महिन्याला पंचवीसच्या वर मागणी सलग चार महिने राहिली तर ग्राइंडरसाठी पुन्हा येऊ, असे सांगून गेले आहेत.