तळ्यातला जिताडा, खाडीतली मादी

अलिबागहून पेणकडे जाताना पोयनाडच्या आसपास खाडीच्या बाजूला खारेपाट पसरलेला दिसतो. धरमतर खाडीची भरती मातीच्या बांधांनी थोपवून पिढ्यानपिढ्या भाताखाली ठेवलेली ही जमीन. इथे विहीर खणली तर पाणी खारं लागतं, म्हणून पावसाचं पाणी साठवायला तळी खोदली गेली. शहापूर-धेरंड भागात घराला लागून तळं असणं ही रीतच आहे आणि तळं म्हटलं की त्यात जिताडा आलाच. पावसाळ्यात बोटभर पिल्लं सोडायची, वर्ष-दोन वर्षं वाढू द्यायची आणि घरात कार्य निघालं किंवा जावई मुक्कामाला आला की जाळं काढायचं.

हा मासा इथल्या माणसांच्या इतका अंगवळणी पडला आहे, की त्याच्याबद्दलच्या समजुती कुणी तपासून पाहत नाही. त्यातल्या काही समजुती आता महागात पडू लागल्या आहेत.

सगळ्यात पक्की समजूत अशी, की जिताडा हा तळ्यातला मासा, तिथेच त्याची वीण होते आणि तळं राखलं की जिताडा राखला. वस्तुस्थिती वेगळी आहे. जिताडा गोड्या पाण्यात उत्तम वाढतो, पण विणीसाठी त्याला खारं पाणी लागतं. पावसाळ्याच्या सुमारास खाडीच्या आणि नदीच्या मुखाशी मादी अंडी सोडते. अंड्यांतून निघालेले जीव भरतीबरोबर आत येतात, कांदळवनात आणि खाजणातल्या उथळ पाण्यात वाढतात आणि मग ओढ्या-नद्यांतून वर सरकतात. खाडीत पकडलेलं पिल्लू हातात घेतलं तर अंगावर तपकिरी डाग आणि नाकाडापासून पाठीपर्यंत गेलेली पांढुरकी रेघ दिसते. मासा मोठा होतो तशी ती रेघ पुसली जाते. घरामागच्या तळ्यातला जिताडा बहुधा असा खाडीतून आलेला असतो. तळ्याला बाहेरची वाट नसते, त्यामुळे तो तिथे दहा वर्षं राहिला तरी त्याची वंशवेल तिथे वाढत नाही. पिल्लं कमी मिळू लागली की दोष तळ्याच्या पाण्याला दिला जातो, पण कारण शोधायला जावं लागतं ते खाडीत.

दुसरी समजूत वरवर शहाणपणाची वाटते: लहान सोडून द्या, मोठा खुशाल धरा. बऱ्याच माशांच्या बाबतीत ही निम्मी खरी आहे. जिताड्याच्या बाबतीत तर ती फार अपुरी पडते, कारण बहुतेक जिताडे आधी नर असतात आणि नंतर मादी होतात. तीन-चार वर्षांचा झाला की मासा नर म्हणून विणीत भाग घेतो. पुढे आणखी काही वर्षांनी, आकार साधारण मीटरभराच्या जवळ पोचू लागला की त्याचं लिंग बदलतं आणि उरलेलं आयुष्य तो मादी म्हणून जगतो. म्हणजे खाडीतले सगळ्यात मोठे जिताडे काढले की नेमक्या माद्या निघून जातात. दोन-तीन किलोच्या माशांची रेलचेल दिसत असतानाही विणीला माद्या पुरत नाहीत, अशी स्थिती येऊ शकते. तोटा लगेच डोळ्यांना दिसत नाही, कारण बाजारात मासा येतच असतो.

मोठ्या मादीची किंमत नुसत्या वजनावर करता येत नाही. अंड्यांची संख्या वजनाच्या मानाने बरीच जास्त वाढते. 2018 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात सागरी माशांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातलं कॉड माशाचं उदाहरण सहज लक्षात राहतं: 30 किलोची एक मादी जेवढी अंडी घालते तेवढी 2 किलोच्या 28 माद्या मिळूनही घालत नाहीत. त्या 28 जणींचं वजन मात्र 56 किलो भरतं.

हाच जिताडा ऑस्ट्रेलियात बारामुंडी म्हणून ओळखला जातो. तिथल्या क्वीन्सलंड राज्याने त्याच्यासाठी दोन्ही बाजूंनी मर्यादा घातली आहे. 58 सेंटिमीटरपेक्षा लहान मासा ठेवायचा नाही आणि 120 सेंटिमीटरपेक्षा मोठाही ठेवायचा नाही. खालची मर्यादा अशासाठी, की नर म्हणून त्याला निदान एकदा तरी विणीत उतरता यावं. वरची मर्यादा जाणत्या माद्यांसाठी. हौशी मासेमाराने जास्तीत जास्त पाच मासे जवळ ठेवायचे आणि पूर्व किनाऱ्यावर 1 नोव्हेंबर ते 1 फेब्रुवारी, म्हणजे त्यांच्याकडच्या विणीच्या दिवसांत, जिताडा धरायचाच नाही.

पण याच नियमांत रायगडकराने थांबून वाचावी अशी एक सवलत आहे. क्वीन्सलंडमधल्या काही ठरावीक धरणांत जिताड्याची पिल्लं मुद्दाम सोडलेली असतात. तिथे परवाना काढून बंदीच्या महिन्यांतही मासेमारी करता येते आणि 120 सेंटिमीटरपेक्षा मोठा एक मासा घरी नेता येतो. मासा तोच, राज्य तेच, तरी नियम वेगळा, कारण धरणात कोंडलेली मादी कितीही मोठी झाली तरी समुद्रापर्यंत पोचत नाही. तिला राखून विणीत काही भर पडणार नसते. मर्यादा कशी ठरवावी याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित सापडतं. पुढची पिढी ज्या पाण्यात जन्मते तिथे हात आखडायचा. जिथे मासा फक्त वाढतो तिथे त्याला वाढवून खायचा. धेरंडच्या तळ्यातला सात-आठ किलोचा जिताडा काढताना मन खाण्याचं कारण नाही. तेवढाच जिताडा धरमतरच्या खाडीत जाळ्यात आला, तर तो जिवंत परत सोडण्याला मोठा अर्थ आहे.

आता वलगण. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात शेतांतून, पऱ्ह्यांतून पाणी धावू लागतं आणि गोड्या पाण्यातले मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागतात. मळे, शिवडे, खवल्या, वाम, शिंगट्या, सगळे पोटात गाबोळी घेऊन. खाडीच्या अंगाला याच दिवसांत गाबोळीने टम्म झालेल्या चिवण्या येतात. रायगडात या दिवसांची वाट वर्षभर पाहिली जाते आणि त्यात गैर काही नाही. गैरसमज आहे तो या वाक्यात: “एकेका माशाच्या पोटात हजारांनी अंडी असतात, चार टोपल्या काढल्या तर काय कमी होणार?”

अंडी हजारांनी असतात, कारण त्यांतली जवळजवळ सगळी मरणार असतात. पाणी अचानक ओसरतं, बेडूक आणि पाणकिडे खातात, इतर मासे खातात. मोठं होऊन पुन्हा वलगणीला चढणारे त्यांतले हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. शिवाय ही चढण मोजक्या दिवसांची असते आणि अरुंद वाटेने होते. बारा महिने विखुरलेले मासे त्या दिवसांत एकाच ओहोळात, एकाच बांधाच्या फटीत गोळा होतात. तिथे आडवं जाळं लावून वाट पूर्ण बंद केली तर त्या ओढ्यातली विणीला आलेली सगळी फौज एका रात्रीत टोपलीत जाते. मासा खायचाच असेल तर अंडी घालून उतरणारा धरता येतो. निदान अर्धा प्रवाह मोकळा ठेवता येतो.

मरळीची गोष्ट आणखी निराळी. तिची पिल्लं लालसर पुंजका करून पाण्याच्या वरच्या थरात फिरतात आणि खाली नर-मादी राखणीला असतात. पुंजका दिसला की खाली मोठा मासा आहे हे जाणत्याला कळतं आणि गळ तिथेच पडतो. राखण करणारी जोडी गेली की पुंजका काही तासांत इतरांच्या तोंडी जातो. एका माशाच्या मोबदल्यात पिल्लांचा अख्खा घोळका जाण्याचा हा सौदा फार वाईट आहे.

“मासे कमी झाले ना, मग बीज आणून सोडा,” हा उपाय ऐकायला सोपा आहे. तलावांच्या ठेक्यात मत्स्यबीज सोडण्याला महत्त्व आहे आणि असायलाही हवं, कारण कटला, रोहू, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले मासे साचलेल्या पाण्यात वीण करत नाहीत. 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात अंगुल इथे संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या जातींची वीण घडवली, म्हणून आज बोटुकली विकत मिळते. तो दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. पण सोडणं ही जपण्याची हमी नाही. जिताड्याच्या तळ्यात लहान-मोठी पिल्लं एकत्र टाकली की मोठी लहानांना गिळतात; आकारानुसार निवड न करता शंभर सोडली काय नि दोनशे सोडली काय, हाती सारखीच येतात.

चुकीच्या जागी सोडलेला चांगला मासाही घात करतो. रायगडच्या माथ्यावर, लोणावळ्याला वळवण इथे टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकापासून महासीरची पैदास केली. निळ्या परांचा हा दख्खनी महासीर वाचवण्याच्या कामात त्या केंद्राचा वाटा मोठा आहे. पण त्याच महासीरची पिल्लं दूर दक्षिणेला कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा महासीर वेगळा होता, पाठीला उंचवटा असलेला, पन्नास किलोच्या वर जाणारा. आलेल्या जातीने नदी व्यापली आणि मूळची जात मागे पडत गेली. 2018 मध्ये तिची ओळख शास्त्रीयदृष्ट्या पक्की झाली, आणि त्याच वर्षी ती अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदली गेली. हेतू चांगला, मासा देशी, तरीही परिणाम असा. आफ्रिकन मांगूर तर 2000 सालापासून देशात बंदी असलेला मासा. हवेतून श्वास घेणारा, पावसात ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जाणारा, समोर येईल ते खाणारा. तो एका तळ्यापुरता राहील अशी आशा करण्यात अर्थ नाही.

याच्या उलट टोकाला एक सज्जन समज आहे: मासे मारलेच नाहीत तर ते वाढतील. 1952 मध्ये भारतात आणलेली तिलापिया हे त्याचं उत्तर आहे. ती काही महिन्यांत वयात येते आणि वर्षातून अनेकदा विते. कुणी काढलीच नाही तर तळं वीतभर लांबीच्या, कधीच न वाढणाऱ्या माशांनी भरून जातं, कारण खाणं तेवढंच आणि तोंडं शेकड्यांनी. अशा तळ्यात सतत जाळं फिरवणं हेच व्यवस्थापन. खारेपाटातले लोक ते आपल्या पद्धतीने करत आले आहेत: तिलापियाची पिल्लं जिताडा खातो, जिताडा माणूस खातो.

कायद्याबद्दलही गोंधळ आहे. 1 जून ते 31 जुलैची मासेमारी बंदी समुद्रातल्या यांत्रिकी नौकांना लागू असते. 2023 मध्ये राज्याने 54 जातींसाठी किमान आकार ठरवले तेही समुद्रातल्या मासेमारीसाठी. पापलेटला 135 मिलिमीटर. ओढ्यावरच्या वलगणीला त्याने आळा बसत नाही. म्हणून गोड्या पाण्यात काहीही चालतं असं मात्र नाही. पाण्यात विष घालून किंवा सुरुंग उडवून मासे मारणं 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे. त्याच कायद्याने जाळ्याच्या आसाचं माप ठरवण्याचा आणि एखाद्या पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी थांबवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला होता. मर्यादा ही परदेशातून आलेली नवी कल्पना आहे, असं म्हणणाऱ्यांनी महाड तालुक्यात काळ नदीवरच्या वाळणकोंडीला जाऊन यावं. तिथल्या डोहातले महासीर देवीचे मानले जातात आणि गावकरी त्यांना हात लावू देत नाहीत.

जिताड्यापुरता एक मार्ग आज हाताशी आहे. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने 1997 मध्ये जिताड्याची वीण बंदिस्त टाक्यांत घडवली. तेव्हापासून उबवणी केंद्रातलं, एकाच मापाचं बीज मिळू लागलं आहे. तळंमालकाने ते विकत घेतलं तर खाडीतली रेघवाली पिल्लं तेवढी कमी उचलली जातील, आणि तळ्यात एकमेकांना गिळण्याचं प्रमाणही घटेल. खर्च अर्थातच वाढतो. तो भार एकट्या शेतकऱ्यावर न टाकता मच्छीमार संस्था, ग्रामपंचायत आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी वाटून घेण्यासारखा आहे, कारण खाडी कुणा एकाच्या सातबाऱ्यावर नाही.