रंगीत सांडपाणी आणि सूक्ष्मजीव

कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी हे पंचगंगेच्या काठचे यंत्रमागांचे शहर होय. १९०४ साली येथे पहिला यंत्रमाग सुरू झाला आणि कालांतराने मागांच्या जोडीस रंगाईचे कारखाने आले. कापड रंगविल्यावर उरणाऱ्या पाण्याचा ओघ नदीकडेच असतो. आणि हीच नदी पुढे शिरोळ तालुक्यातून वाहत नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. वाटेतील गावांचे पिण्याचे पाणी व शेती तिच्यावर अवलंबून आहे. त्यामुळे रंगीत सांडपाण्याचा प्रश्न एकट्या कारखानदाराचा राहत नाही.

सुती कापडासाठी मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे रिॲक्टिव्ह रंग १९५६ मध्ये बाजारात आले. ते धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जातात. परंतु रंगाचा काही अंश, कधी दहावा हिस्सा तर कधी जवळजवळ निम्मा, धाग्याऐवजी पाण्याशीच संयोग पावतो व वाया जातो. ऊन, साबण आणि घाम यांना दाद न देणारा रंग गिऱ्हाइकास हवा असतो. नदीत पोहोचल्यावर मात्र हाच गुण अवगुण ठरतो. नेहमीच्या, हवा खेळविलेल्या टाकीतील जीवाणूंनाही असा रंग सहसा पचत नाही.

यांपैकी बहुतेक रंग ॲझो वर्गातील आहेत. नायट्रोजनच्या दोन अणूंमधील दुहेरी बंध हे त्यांच्या रंगाचे मूळ. प्राणवायू नसलेल्या टाकीत अनेक जातींचे जीवाणू आपल्या एंझाइमांच्या साहाय्याने हा बंध तोडतात. बंध तुटला की रंग नाहीसा होतो आणि पाणी डोळ्यांस निर्मळ दिसू लागते.

खरा धोका येथेच आहे. तुटलेल्या रेणूंपासून ॲरोमॅटिक अमाइने तयार होतात व त्यांतील काही, उदाहरणार्थ बेंझिडीन, कर्करोगास कारणीभूत ठरतात. विनावायू टाकीत ती साचून राहतात. त्यांतील पुष्कळशी अमाइने प्राणवायूच्या सान्निध्यात अन्य जीवाणूंकडून विघटित होतात. म्हणून आधी हवेविना आणि मग भरपूर हवेत, हा क्रम पाळावा लागतो. पहिल्याच टप्प्यावर थांबून पाणी सोडणे म्हणजे दिसणारे प्रदूषण न दिसणारे करणे होय. केवळ रंग गेल्यावरून प्रक्रिया पार पडली असे मानणे, म्हणूनच, चुकीचे ठरेल.

लाकूड कुजविणाऱ्या काही कवकांची रीत निराळी आहे. लाकडातील चिवट लिग्निन फोडणारी त्यांची एंझाइमे रंगाचे रेणूही फोडतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात रंग-विघटक सूक्ष्मजीवांवर बरेच संशोधन झाले आहे. तथापि प्रयोगशाळेतील चंबूत एकच रंग असतो; कारखान्याचे पाणी सकाळी लाल, तर दुपारी निळे. त्याची आम्लता, उष्णता आणि क्षारताही सतत बदलते. अशा पाण्यात एकाच जातीपेक्षा अनेक जातींचा समूह अधिक तग धरतो.

मिठापुढे मात्र हे मदतनीस हतबल आहेत. रिॲक्टिव्ह रंग धाग्यावर बसविण्यासाठी दर लिटर पाण्यात कित्येक ग्रॅम मीठ घालावे लागते व ते कोणताही जीवाणू खाऊन संपवू शकत नाही. तामिळनाडूतील तिरुप्पूर येथे नोय्यल नदी अशाच सांडपाण्याने खारावली आणि २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेथील रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. जैविक प्रक्रियेनंतर पाणी सूक्ष्म पडद्यांतून गाळून, उरलेले खारे पाणी आटवून मीठ परत मिळविण्याची व्यवस्था तेथे उभारावी लागली.