दुनळी आणि मावळचा पाऊस

मावळातल्या जुन्या घरांत उरलेल्या दुनळ्यांवर लिहायचं तर कारखान्यांपासून सुरुवात करायची रीत आहे. ती लवकर उरकतो. बर्मिंगहॅमचे वेब्ली अँड स्कॉट, ग्रीनर, वेस्टली रिचर्ड्स. बेल्जियममधल्या लीजचा स्वस्त माल. आणि स्वातंत्र्यानंतर आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीची बारा बोअर, परवान्यावर 'डीबीबीएल'. १८७५ साली वेस्टली रिचर्ड्सकडच्या अॅन्सन आणि डीली यांनी बॉक्सलॉकचं, म्हणजे घोडे आत दडवलेल्या चापयंत्राचं, पेटंट घेतलं, त्यावर दर्दी मंडळी पानंच्या पानं लिहितात. लिहोत.

माझा विषय गंज. तिकोणा पेठेत माथ्यावर वितंडगड, पायथ्याला पवनेचं पाणी; आषाढ-श्रावणात घराच्या भिंतीच पाझरतात, तिथं लोखंडाची काय कथा! नळीतून तेलाची चिंधी फिरवली की काम झालं, असं सांगणारे तज्ज्ञ हल्ली बरेच झालेत. काळी दारू किंवा जुन्या टोपीची काडतुसं उडवली असतील, तर नळीत क्षार उरतो. तो हवेतली ओल ओढून घेतो, तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. वरून तेल लावलं की गंज फक्त झाकला जातो. म्हणून जुनी शिकारी मंडळी सुट्या केलेल्या नळ्यांतून आधी उकळतं पाणी ओतत. नळी तापली की उरलेली ओल आपोआप उडते. मग गज, कोरडी चिंधी, आणि शेवटी तेलाचा पुसट हात. तेल ओतायचं नाही. ते झिरपून दस्त्याच्या तोंडाशी अक्रोडाचं लाकूड मऊ करतं. बंदूक काही दिवस नळ्या खाली करून ठेवावी, ती याचसाठी.

बंदूक रिकामी आहे याची खात्री, फोरएंड, नळ्या, दस्ता. घरी एवढंच सुटं करावं. दर दिवाळीला लॉक उघडून बसणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. त्या स्क्रूंच्या खाचा कागदासारख्या बारीक. हार्डवेअरच्या दुकानातला पेचकस लावला की कडा गेल्या, कोरीवकाम गेलं. पॉलिश पेपरवाल्यांबद्दल तर बोलायलाच नको. आणि बॉक्सलॉकच्या नळ्या काढल्यावर गंमत म्हणून चाप ओढू नये. घोडे पडले की जोडणी अडते.

पण जोडणार कोण? १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि तो असलेले जाणते कारागीर शोधावे लागतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार संपली. २०१९ च्या दुरुस्तीनं परवान्यावरची शस्त्रं तीनवरून दोनवर आणली, तेव्हा अनेकांनी आधी सोडली ती आजोबांची दुनळी. निवडणुकीत जमा केलेली माझी बंदूक परत आली तेव्हा दोन्ही नळ्यांत तांबूस ठिपके होते. तक्रार कुणाकडे करणार?

घरात अशी बंदूक असेल तर तिची चामड्याची पेटी आधी बाजूला करा, चामडं ओल धरून ठेवतं. बंदूक कोरड्या, कुलूपबंद लोखंडी कपाटात ठेवा. आणि नळ्या डमास्कसच्या, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या असतील, तर जाणत्या कारागिराला दाखवल्याशिवाय तिच्यात आजचं काडतूस घालू नका.