निसर्ग शिबिर कोणाच्या मुलांसाठी?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की वर्तमानपत्रांतून निसर्ग शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. तंबूत मुक्काम, जंगलात भटकंती, पक्षीनिरीक्षण, रात्री आकाशदर्शन! खाली छापलेले शुल्क वाचले की ही शिबिरे कोणाच्या मुलांसाठी आहेत हे वेगळे सांगावे लागत नाही. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात हसनाबाद हे गाव आहे. तिथल्या वस्तीतील तेरा-चौदा वर्षांचे मूल याच सुट्टीत शेळ्यांमागे असते, पाण्याच्या टँकरपुढे हंडा घेऊन उभे असते किंवा ऊसतोडीवरून परतलेल्या आईबापांसोबत घराची डागडुजी करीत असते. त्याला निसर्ग पाहायला जावे लागत नाही. निसर्गच दर उन्हाळ्यात त्याची परीक्षा घेतो.

मग आमच्या मुलांना पर्यावरणाचे शिबिर कशाला, असा सवाल चळवळीतील कार्यकर्तेच आम्हाला करतात. धम्म शिबिर घ्या, श्रामणेर शिबिर घ्या, स्पर्धा परीक्षेचे मार्गदर्शन ठेवा. झाडे आणि पक्षी ही पोट भरलेल्यांची हौस आहे, असे त्यांचे म्हणणे. आम्हाला ते मान्य नाही. कारण पर्यावरण हा आता हौसेचा विषय राहिलेला नाही, तो कोर्टकचेरीचा विषय झाला आहे आणि त्या कोर्टात आमची माणसे बहुधा प्रतिवादी म्हणून उभी असतात.

गायरानाचेच पाहा. मराठवाड्यातील भूमिहीनांनी पडीक गायराने कसून त्यावर भाकरी पिकवली. त्यासाठी सत्याग्रह झाले, माणसे तुरुंगात गेली. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली झालेले भूमिहीनांचे लढे समाज विसरलेला नाही. १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीयांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला. पण २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सार्वजनिक जमिनीवरील अतिक्रमणे हटविण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. खटला होता पंजाबातील एका गावतळ्याचा. भरलेले तळे पुन्हा गावाला मिळावे, ही भूमिका रास्तच होती. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने दिलेल्या जमिनींचा अपवादही नोंदवलेला आहे. तो अपवाद गावात कोण वाचून दाखवतो? २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने गायरानाचा प्रश्न स्वतःहून हाती घेतल्यावर गावोगाव नोटिसा निघाल्या, तेव्हा त्या हातात घेऊन आलेल्या माणसांना आम्ही विचारले, 'सातबारा, पंचनामा, दंडाची पावती काही आहे का?' बहुतेकांकडे कागद नव्हता आणि कायद्याची माहितीही नव्हती. निसर्गाच्या नावाने आमच्यावर नोटीस येते आणि निसर्गाचे शास्त्र मात्र आम्हाला ठाऊक नसते, हे किती दिवस चालायचे?

खरे तर या देशातील नैसर्गिक संपत्तीवरच्या हक्काचा लढा आम्हीच सुरू केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ज्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, तिथे माणसाला बंदी होती. पाणी कोणाचे, हा पर्यावरणाचा पहिला प्रश्न आहे आणि तो आमच्या बापाने विचारला आहे. पुढे त्यांनीच लिहिलेल्या संविधानाच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्कात शुद्ध पाणी आणि शुद्ध हवा येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुभाषकुमार खटल्यात सांगितले. त्याच वर्षी मेहता खटल्यात शाळांतून पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवण्याचा आदेश झाला. वर्गात तो प्रकल्पाच्या वहीत चित्रे चिकटवण्यापुरता उरला. म्हणून शिबिर हवे.

ते कसे असावे? एक रात्र आणि दोन सकाळी पुरेत. बारा ते पंधरा वयाची पंचवीस-तीस मुले-मुली, पालकांची लेखी संमती, मुलींसाठी महिला कार्यकर्त्या, मुक्काम विहारात किंवा शाळेत. मे महिन्यातले ऊन लक्षात घेता काम सकाळी आणि संध्याकाळीच.

संध्याकाळी मुलांना गिरजा नदीच्या पात्रात न्यावे. वाळू ही नदीची टाकी असते. पावसाचे पाणी ती धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना हळूहळू सोडते. वाळू उपसली की विहीर आटते. हे खड्डा खणून दाखवता येते. मग दोरीला दगड बांधून गावातील विहिरींची खोली मोजावी आणि कोणत्या विहिरीवर कोण पाणी भरते, तेही वहीत लिहावे.

रात्री साप-विंचवाचा पाठ घ्यावा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप ओळखता आले पाहिजेत. मण्यार रात्री फिरतो, म्हणून जमिनीवर झोपू नये, बाहेर जाताना बॅटरी घ्यावी. दंश झाला तर मांत्रिकाकडे नाही, थेट दवाखान्यात. साप चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे मुलांनी घरी जाऊन सांगावे. एवढ्याने एक जीव वाचला तरी शिबिराचे सार्थक झाले.

सकाळी गायरानावर जावे. सोबत वस्तीतील एखादी आजी हवी. तांदुळजा, पाथरी, घोळ, तरोटा या रानभाज्या कधी आणि कुठे उगवतात हे तिला तोंडपाठ असते. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकांच्या माहितीची नोंदवही असायला हवी. मुलांनी ग्रामपंचायतीत जाऊन ती पाहायला मागावी. आजीची माहिती त्यात आहे का, हे विचारावे. अर्ज कसा लिहायचा, हे तिथेच शिकवावे.

तारीखही आम्ही सुचवतो. वैशाख पौर्णिमेच्या रात्री वनविभाग अभयारण्यांतील पाणवठ्यांवर मचाणे बांधून प्राणी मोजत आला आहे. उन्हाळ्यात पाणी थोडे, म्हणून प्राणी तिथे येतात आणि चांदणे लख्ख, म्हणून दिसतात. आता नेमकी गणना कॅमेऱ्यांनी होते, तरी 'निसर्गानुभव' म्हणून लोक शुल्क भरून मचाणावर बसतात. तीच आमची बुद्धपौर्णिमा. तथागतांना पिंपळाखाली बोधी प्राप्त झाली. सम्राट अशोकाने माणसांसोबत जनावरांच्याही उपचाराची सोय केली, रस्त्यांवर विहिरी खोदल्या, झाडे लावली आणि ते शिलालेखात कोरून ठेवले. आणि आम्ही त्या रात्री काय करतो? डीजे लावतो. त्या भाड्यातून वाचलेल्या पैशांत हसनाबादसारख्या गावात एक शिबिर सहज उभे राहील.

जयंती मंडळांनी, विहार समित्यांनी आणि शिक्षक बांधवांनी हे मनावर घ्यावे. उद्या नोटीस आली तर तिला उत्तर देणारा वकील तालुक्याहून येईल तेव्हा येईल. पण गायरानावर कोणते झाड कोणी लावले, विहीर किती खोल होती आणि कधी आटली, हे नोंदवून ठेवलेली वही वस्तीत असली तर आमचे अर्धे काम झालेले असेल. ती वही चौदा वर्षांच्या मुलीच्या हस्ताक्षरात असावी, एवढीच आमची इच्छा आहे.

जयभीम!