एक सुभा, दोन धनी

युद्धाने पोळलेल्या एखाद्या देशात परस्परविरोधी पक्षांनी सत्ता वाटून घेतली, अशा वार्ता वर्तमानपत्रांत आपण अनेकदा वाचतो. असे करार काही ठिकाणी टिकतात आणि काही ठिकाणी वर्षभरात मोडतात. हा भेद का पडतो, हे समजून घेण्यासाठी दूरदेशी जाण्याचे कारण नाही. फारुकी सुलतानांनी वसविलेल्या आणि मोगलांनी दख्खनच्या कारभाराचे केंद्र केलेल्या आपल्या बुऱ्हाणपुराने असा एक प्रयोग अठराव्या शतकात प्रत्यक्ष अनुभवला आहे. त्याचाच विचार आम्ही येथे करणार आहोत.

१६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजांनी बुऱ्हाणपूरच्या बहादूरपुऱ्यावर छापा घातला. त्याच वर्षी औरंगजेब दक्षिणेत उतरला आणि १७०७ मध्ये त्याचा अंत होईपर्यंत मोगल-मराठे युद्ध अखंड चालले. त्यानंतरही शांतता आली नाही. मराठ्यांच्या फौजा खानदेशात येत, वसूल घेत. मोगल सुभेदार त्यांच्या पाठीवर जात. पेरलेले पीक कोणाच्या घोड्यांच्या तोंडी जाईल, याची शाश्वती शेतकऱ्यास नव्हती.

अशा स्थितीत दोन्ही पक्षांस तडजोड हवीशी वाटली, ती मुख्यतः घरच्या अडचणींमुळे. दख्खनचा सुभेदार सय्यद हुसेन अली याचे खुद्द बादशहा फर्रुखसियरशी वैर जडले होते. दिल्लीस तोंड देण्यासाठी त्याला पाठीमागचा मुलूख शांत हवा होता. इकडे शाहू महाराजांच्या गादीस कोल्हापूरकरांचा विरोध होता आणि मातोश्री येसूबाई मोगलांच्या कैदेत होत्या. शंकराजी मल्हार यांच्या मध्यस्थीने १७१८ मध्ये बोलणी झाली, बाळाजी विश्वनाथ फौजेसह दिल्लीस गेले, आणि १७१९ मध्ये बादशाही सनदा घेऊन परतले. येसूबाईंचीही सुटका झाली.

या सनदांचा आशय असा होता. शिवछत्रपतींच्या स्वराज्याचा बहुतेक भाग शाहू महाराजांकडे राहावा. दख्खनच्या सहा सुभ्यांतून, म्हणजे खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बीदर, हैदराबाद व विजापूर यांतून, मराठ्यांनी वसुलाचा चौथा हिस्सा ‘चौथाई’ म्हणून आणि दहावा हिस्सा ‘सरदेशमुखी’ म्हणून घ्यावा. त्याच्या मोबदल्यात त्यांनी १५,००० स्वार सुभेदाराच्या चाकरीस द्यावेत, मुलखात चोऱ्या-दरोड्यांचा बंदोबस्त ठेवावा आणि बादशहास दरसाल दहा लाख रुपये खंडणी भरावी.

आकड्यांनी ही वाटणी अधिक स्पष्ट होईल. सहा सुभ्यांचा कागदोपत्री वसूल सुमारे १८ कोटी रुपये होता. त्यात खानदेशचा वाटा सुमारे साडेसत्तावन्न लाखांचा. त्याची चौथाई सुमारे १४ लाख आणि सरदेशमुखी सुमारे पावणेसहा लाख. म्हणजे शंभर रुपयांपैकी पस्तीस मराठ्यांचे आणि पासष्ट मोगलांचे. कालचे शत्रू आज एका शेताच्या उत्पन्नाचे भागीदार झाले.

परंतु ही भागीदारी अंमलात कशी आली? समकालीन फारसी इतिहासकार खाफी खान सांगतो की, ठिकठिकाणी चौथाईचा एक आणि सरदेशमुखीचा दुसरा असे मराठ्यांचे वसूलदार बसले. बादशाही अंमलदार तर होतेच. शिवाय वाटेवर व्यापाऱ्यांकडून राहदारी घेतली जाई. वसुलासाठी हात पुष्कळ पुढे आले. पण दरोडा पडला तर दाद कोणाकडे मागावी, पीक बुडाले तर सूट कोणी द्यावी, याचा एकच जबाबदार धनी उरला नाही. हिस्से नेमके ठरले, कर्तव्ये मात्र मोघम राहिली. या कराराचे मूळ दुखणे हेच, असे आम्हांस वाटते.

दुसरे व्यंग असे की, करार ज्यांनी केला त्यांच्यावरच तो बराचसा अवलंबून होता. १७२० मध्ये निजामुल्मुल्काने नर्मदा ओलांडून अशीरगड व बुऱ्हाणपूर घेतले, बाळापूरजवळ सय्यदांच्या पुतण्यास रणांगणी पाडले आणि सय्यदांची सत्ता कोसळली. पुढे निजामास हा दुहेरी अंमल सलू लागला. शाहू की कोल्हापूरचे संभाजी, चौथाईचा खरा धनी कोण, हे आधी ठरू द्या, असे सांगून त्याने वसूल अडविला. तंटा निवडणारा निःपक्ष पंच करारात नव्हता. म्हणून निवाडा तलवारीवर गेला. बाजीराव पेशव्यांनी बुऱ्हाणपूर बेचिराख करण्याची हूल उठविली. निजाम शहराच्या रक्षणास धावला, आणि बाजीराव गुजरातेकडे निघून गेले. अखेर फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला निजाम कोंडला गेला आणि मुंगी-शेवगावच्या तहाने त्याने मराठ्यांचे हक्क पुन्हा मान्य केले. तरीही वैर संपले नाही. १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर बुऱ्हाणपूर व अशीरगड मराठ्यांकडे गेले.

याच्या उलट उदाहरण १७३१ च्या वारणेच्या तहाचे. शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज या चुलत भावांनी वारणा नदी सरहद्द मानली. एकाचा शत्रू तो दुसऱ्याचाही शत्रू, आणि एकाच्या चाकरांस दुसऱ्याने आश्रय देऊ नये, असे ठरले. येथे प्रत्येक गावास आपला धनी माहीत होता. शाहू महाराजांच्या हयातीत, म्हणजे १७४९ पर्यंत, या दोन गाद्यांत पुन्हा मोठे युद्ध झाले नाही.

सर्वत्र नदी आखून वाटणी करता येत नाही, हे खरे. लोक एकाच नगरात मिसळून राहत असतील तर सत्ता एकत्रच चालवावी लागते. लेबनॉनमध्ये १९४३ च्या समझोत्याने राष्ट्राध्यक्ष मारोनी ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी आणि संसदेचा सभापती शिया, अशी पदे वाटली गेली. तरी १९७५ ते १९९० यादवी झालीच. उत्तर आयर्लंडमध्ये १९९८ च्या करारानुसार दोन्ही पक्षांचे दोन प्रमुख समान अधिकाराने बसतात. एकाने पद सोडले तर दुसऱ्याचेही जाते. हे सरकार अनेकदा बंद पडले, पण जुना रक्तपात परतला नाही, कारण तेथे अधिकारासोबत उत्तरदायित्वही जोडलेले आहे.

म्हणून सत्तावाटपाचा करार वाचताना कोणास किती मिळाले एवढेच पाहून भागणार नाही. कोणी काय सांभाळावयाचे, तंटा कोणी तोडावयाचा आणि करार करणारे गेल्यावर तो कोण पाळणार, हे प्रश्न विद्यार्थ्यांनी अवश्य विचारावेत. १७१९ च्या सनदांत बादशहाचा, सुभेदाराचा आणि छत्रपतींचा हिस्सा लिहिला होता. ताप्तीकाठच्या शेतकऱ्याचे आणि बुऱ्हाणपूरच्या विणकराचे नाव त्यात कोठेच नव्हते; आणि दोन्ही धन्यांचा भार तर त्यांनीच वाहिला.