सुकेपर्यंत थांबा

दिवाळीच्या आठवड्यात घरोघरी जी हौशीची कामं निघतात, त्यांतला निम्मा वेळ हात चालवण्यात जात नाही, नुसतं बसून राहण्यात जातो. मेंदी काढून झाली की तळवे सावरत बसायचं. नखं रंगवली की बोटं फाकवून बसायचं. कंदिलाच्या पाकळ्या चिकटवल्या की खळ वाळायची वाट बघायची. चकल्या तळायच्या असतात, पाहुणे यायचे असतात, तेव्हा हे बसणं परवडत नाही. बाजाराला ते बरोबर ठाऊक असतं. म्हणून पंधरा मिनिटांत काळाभोर रंग देणारा मेंदीचा कोन मिळतो आणि दिव्याखाली मिनिटभरात टणक होणारं जेलही मिळतं. यांतले काही झटपट उपाय खरोखर सोयीचे आहेत, काही अंगावर उठणारे. कोणता कुठल्या गटातला, हे ओळखायचं तर आपण नुसते बसलेलो असतो तेव्हा काय चाललेलं असतं, ते समजून घ्यायला हवं.

मेंदी : रंग चढतो दुसऱ्या दिवशी

मेंदीच्या झुडपाचं शास्त्रीय नाव लॉसोनिया इनर्मिस. त्यावरूनच तिच्या नारिंगी-लाल रंगद्रव्याला लॉसोन म्हणतात. वाळलेल्या पानांत ते वजनाच्या जेमतेम एक-दीड टक्का असतं. पान नुसतं हातावर चोळून फारसं काही होत नाही. ते वाटून, भिजवून, लिंबासारखं काही आंबट घालून काही तास ठेवलं की रंगद्रव्य पानातून सुटतं. म्हणूनच आदल्या रात्री मेंदी भिजवायची पद्धत पडली. भिजवलेल्या लगद्याचा वरचा थर तपकिरी दिसू लागला की रंग सुटल्याची खूण समजायची.

हातावर लावल्यानंतर लॉसोन त्वचेच्या वरच्या मृत थरातल्या केराटिन या प्रथिनाशी जोडलं जातं. ते रंगासारखं वर बसत नाही, प्रथिनाला धरून राहतं. त्यामुळे ते धुऊन जात नाही. त्वचेचा तो थर झडेल तसतशी मेंदी विटत जाते. तळहाताचा हा थर शरीराच्या बहुतेक भागांपेक्षा जाड असतो, म्हणून तळव्यावर मेंदी गडद आणि मनगटावर फिकी. रंग छान चढला की सासू प्रेमळ मिळणार, असं घरातल्या बायका चेष्टेनं म्हणतात. श्रेय खरं तर तळव्याच्या कातडीला आणि हाताच्या उबेला आहे.

मेंदी खरवडल्यावर हात केशरी दिसतो आणि पुष्कळजणी तिथेच हिरमुसतात. खरा रंग नंतरच्या एक-दोन दिवसांत, हवेतल्या प्राणवायूशी संयोग होत गडद होतो. तोवर हाताला शक्यतो पाणी लागू द्यायचं नाही. लिंबू-साखरेच्या पाण्याचा बोळा फिरवायचा तो मेंदी लवकर वाळून गळू नये म्हणून. ती जितका वेळ ओलसर राहून त्वचेला चिकटून राहील, तितका रंग अधिक.

राजस्थानच्या पाली जिल्ह्यातलं सोजत हे मेंदीचं मोठं ठिकाण. तिथल्या मेंदीला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सोजतची असो की परसातली, निव्वळ मेंदी तळव्यावर काळीभोर होत नाही आणि पंधरा मिनिटांत तर नाहीच. ‘काळी मेंदी’ म्हणून जे मिळतं, त्यात बहुधा पॅरा-फेनिलीनडायअमाइन, म्हणजे पीपीडी, हे केसांच्या कलपात वापरलं जाणारं रसायन असतं. ठरावीक प्रमाणात, केसांपुरतं वापरायचं हे रसायन थेट त्वचेवर तासभर ठेवलं तर काहींच्या हातावर नक्षीच्याच आकाराचे फोड उठतात आणि डाग राहतात. त्याहून वाईट म्हणजे शरीराला या रसायनाचं वावडं एकदा जडलं की ते सहसा जन्मभर राहतं. लहानपणी लग्नात काढलेल्या काळ्या मेंदीची आठवण मग चाळिशीत पहिल्यांदा केसांना कलप लावल्यावर येते, डोळे सुजतात तेव्हा.

तान्ह्या बाळाच्या तळव्यांना मात्र शुद्ध मेंदीही लावू नये. जी-६-पीडी या विकराची जन्मजात उणीव असलेल्या बाळांत लॉसोनमुळे तांबड्या पेशी फुटू शकतात, आणि ही उणीव वरून दिसत नाही.

नेलपॉलिश : घाईतूनच जन्मलेलं

जुन्या पद्धतीच्या मेंदीत तळव्यावर एक मोठा ठिपका आणि बोटांची टोकं पूर्ण माखलेली असत. नखंही त्यात रंगत. नख केराटिनचंच असल्यानं तिथला रंग ते वाढून कापलं जाईपर्यंत टिकतो. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण नवं यायला सहा महिने लागतात. पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष.

बाटलीतलं नेलपॉलिश वेगळ्या घराण्यातलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारींचा रंग वाळायला कित्येक आठवडे जात. 1920च्या दशकात नायट्रोसेल्युलोजचे लॅकर आले आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. नखांवरच्या चकचकीत रंगानं हेच तंत्र उचललं. अमेरिकेत 1932 मध्ये रेव्हसन बंधू आणि रसायनतज्ज्ञ चार्ल्स लॅकमन यांनी रेव्हलॉन कंपनी काढली ती नेलपॉलिश या एकाच मालावर. आपल्याकडे 1952 मध्ये टाटा ऑइल मिल्सनं लॅक्मे सुरू केली आणि पुढे सिमोन टाटांनी ती नावारूपाला आणली. अभ्यंगस्नानाचा मोती साबणही मूळचा याच टाटा ऑइल मिल्सचा. एका कारखानदारीनं मराठी घराच्या दिवाळीला साबण पुरवला आणि कपाटातल्या आरशापुढे नखांचा रंगही ठेवला.

तेव्हा झटपट म्हणजे वाईटच, असं नाही. नेलपॉलिश ही घाईचीच देणगी आहे. फक्त तिच्यातही एक मुदत दडलेली असते. बाटलीत नायट्रोसेल्युलोज हे इथाइल अॅसिटेट, ब्युटाइल अॅसिटेट अशा द्रावकांत विरघळवलेलं असतं आणि रंग त्यात कालवलेले असतात. द्रावक उडून जातं आणि मागे पापुद्रा राहतो. पण ते वरून आधी उडतं. वरचा थर कोरडा लागला तरी खालचा मऊच असतो, म्हणून रात्री रंगवलेल्या नखांवर सकाळी चादरीची वीण उमटलेली दिसते. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर, मध्ये काही मिनिटांचं अंतर, हा नियम त्यासाठी.

घरी रंग टिकत नाही, या तक्रारीची कारणं बहुतेक वेळा रंग लावण्याआधीची असतात. पार्लरची नक्कल म्हणून आपण हात कोमट पाण्यात बुडवून ठेवतो. नख पाणी शोषून किंचित फुगतं. त्यावर रंग चढवला आणि नख वाळून पूर्ववत झालं की पापुद्रा सुटतो. म्हणून भिजवणं आधी उरकावं, नखं पूर्ण कोरडी होऊ द्यावीत, रिमूव्हरच्या बोळ्यानं तेलाचा अंश पुसावा, मग रंगाला हात घालावा. खाली पारदर्शक बेस कोट दिला तर गडद रंगानं नख पिवळं पडत नाही. ब्रश नखाच्या टोकाच्या कडेवरूनही फिरवला की टवके उशिरा उडतात. बाटली घट्ट झाली तर त्यात रिमूव्हर ओतू नये, नेलपॉलिशचंच थिनर थेंबभर घालावं. ‘नखांना श्वास घेऊ द्या’ हा सल्ला मात्र विसरलात तरी चालेल: नखाचा दिसणारा भाग मृत असतो आणि त्याच्या मुळाला प्राणवायू रक्तातून मिळतो.

नक्षीसाठी महागडं सामान लागत नाही. टाचणीचं डोकं, टूथपिक आणि संपलेल्या रिफिलचं टोक एवढ्यावर ठिपक्यांची रांगोळी निघते. गेरूसारख्या तपकिरी रंगावर पांढऱ्यानं वारली माणूस काढणं सर्वांत सोपं: टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर ठिपक्याचं डोकं, हातापायांच्या चार रेघा. पालघरच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रकला भिंतीवरून जगभरच्या दालनांत नेली. नखावर ती बसते, कारण मुळातच तिला मोजक्या आकारांत सगळं सांगायची सवय आहे.

दिवाळीत एक खबरदारी मात्र अटळ. नायट्रोसेल्युलोज हा बंदुकीच्या दारूतलाही घटक आहे, आणि ओल्या रंगातून उडणारी वाफ व रिमूव्हरमधलं अॅसिटोन दोन्ही चटकन पेट घेतात. ओली नखं घेऊन पणत्या लावायला किंवा फुलबाजी पेटवायला जाऊ नये. देवघरात समई तेवत असताना तिथेच बसून नखं रंगवू नयेत.

जेल : वाट पाहण्याऐवजी दिवा

जेलमध्ये काहीच उडून जायचं नसतं. मेथॅक्रिलेटचे सुटे रेणू अतिनील प्रकाशात एकमेकांत गुंफतात आणि कठीण कवच तयार होतं. ते दोन-तीन आठवडे टिकतं, हे खरंच. पण घरी मागवलेल्या संचातला दिवा आणि वेगळ्या कंपनीचं जेल यांचा मेळ बसला नाही, तर वरून टणक आणि आत कच्चं राहतं. हे कच्चं जेल बोटाच्या कातडीला लागत राहिलं की वावडं जडू शकतं, आणि याच कुळातली रसायनं दातांत भरायच्या सिमेंटमध्येही असतात. युरोपीय संघानं 1 सप्टेंबर 2025 पासून सौंदर्यप्रसाधनांत टीपीओ या, जेल कडक करणाऱ्या घटकावर बंदी घातली आहे. प्रजननावर परिणाम करणाऱ्या पदार्थांत त्याची गणना झाली म्हणून. जेल लावायचंच तर वेष्टनावर टीपीओ आहे का ते वाचावं, दिवा व जेल एकाच कंपनीचे घ्यावेत, कातडीला लागलेलं जेल दिवा लावण्याआधी पुसावं. आणि काढताना सोलून काढू नये. त्याबरोबर नखाचे थरही निघून येतात.

उटणं : इथे मात्र वाळू देऊ नका

नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, आंबेहळद, संत्र्याची साल, मसुराचं पीठ, मुलतानी माती. उटण्याची यादी घराघरांत बदलते, काम बदलत नाही. आधी तिळाचं तेल, मग भरड, मग ऊन पाणी. पीठ आणि माती जास्तीचं तेल ओढून घेतात, भरडीनं मृत थर निघतो. लेप अंगावर तडतडेपर्यंत वाळवायची सवय मात्र सोडावी. वाळत जाणारी माती त्वचेतला ओलावाही ओढते. ओलसर असतानाच हलक्या हातानं चोळावं.

आयत्या पुडीतल्या घटकांत बावची आहे का ते पाहावं. तिच्यातल्या सोरालेनमुळे त्वचा उन्हाला हळवी होते. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यानं काळे चट्टे पडतात, तेही याच कुळातल्या द्रव्यांमुळे. पहाटेच्या स्नानात बिघडत नाही, दुपारी गॅलरीत बसून लेप लावणाऱ्यांनी जपावं.

उटण्यातल्या हळदीचा टॉवेलवरचा डाग साबण लागताच लालभडक होतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं. पारंपरिक कुंकू याच गुणावर बनतं. सोलापूर जिल्ह्यातलं केम हे गाव त्यासाठी ओळखलं जातं. मुलांना सुट्टीत हाच खेळ देता येतो. चमचाभर हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर ब्रशनं पसरायची आणि कागद पूर्ण वाळू द्यायचा. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलेल्या काडीनं त्यावर चित्र काढायचं. पिवळ्यावर तांबड्या रेघा उमटतात. चुकलेल्या रेघेवर लिंबाचा थेंब टाकला की ती पुन्हा पिवळी. कागद ओला असताना घाई केली तर रेघ फुटते. शुभेच्छापत्र तयार झालं की उन्हात ठेवू नये, कारण हळदीचा रंग उन्हात उडतो. टॉवेलवरचा तो डागही उन्हातच घालवायचा.

कंदील आणि पणती

कंदिलाची खळ म्हणजे पाण्यात शिजवलेला मैदा. शिजताना पिठातले स्टार्चचे कण फुगून फुटतात आणि चिकटपणा येतो. कच्च्या पिठाच्या पाण्यानं कागद धरत नाही. किडे लागू नयेत म्हणून पूर्वी खळीत मोरचूद घालत. तो विषारी असल्यानं मुलांच्या हाती ती खळ देऊ नये. कामट्यांचे सांधे बांधून झाले की सांगाडा एक रात्र टांगून ठेवावा, म्हणजे कुठे वाकतोय ते कागद चढवण्याआधीच कळतं. आत दिवा एलईडीचा घ्यावा. जुना तापणारा बल्ब पतंगाच्या कागदाला घातक.

पणत्या काही तास पाण्यात बुडवून ठेवल्या की मातीची छिद्रं पाण्यानं भरतात आणि तेल कमी शोषलं जातं. रंगवायच्या असतील तर भिजवल्यावर पूर्ण वाळू द्याव्यात, नाहीतर रंगाचे पोपडे सुटतात. रंग फक्त बाहेरून द्यावा, वातीची कड कोरी ठेवावी, आणि उरलेलं नेलपॉलिश इथे मुळीच वापरू नये. ते जाळाजवळ कशाला नको, हे वर आलंच आहे. त्यापेक्षा ते चाव्यांवर खुणेचे ठिपके द्यायला वापरावं.

क्रम जुळवताना

या कामांचं आपसात वैरही असतं. अभ्यंगाचं तेल नखावर राहिलं तर रंग धरत नाही, आणि उटण्याची भरड मेंदीचा वरचा थरच झिजवते. म्हणून पाडवा-भाऊबीजेसाठी मेंदी काढायची तर ती नरकचतुर्दशीच्या स्नानानंतर. आधीच काढली असेल, तर तळव्यांना उटणं चोळू नये. पणत्या आणि कंदील वसुबारसेच्या आधी उरकावेत. नखं दुपारी रंगवावीत, दिवेलागणीच्या वेळी नव्हे.

आणि मेंदीचा कोन घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा: याचा रंग कधी चढतो? ‘उद्या’ असं उत्तर आलं, तर घ्या.