जुन्या घराचे दप्तर

पुण्यात मुठा नदी ओलांडली की एरंडवणे आणि भांबुर्डे या एकेकाळच्या खेड्यांच्या शेतजमिनींवर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतील एखाद्या गल्लीत दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओसरी आणि मागे न्हाणीघर अशी बैठी बंगली अजूनही क्वचित विक्रीस निघते. आणि ती निघाल्याची वार्ता कानी आली म्हणजे आयुष्यभर भाड्याच्या जागेत काढलेल्या कुटुंबाच्या मनात जी आशा पल्लवित होते, ती मला सर्वथा उचित वाटते. येथले फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ चे, भांडारकर संस्था १९१७ ची, विधी महाविद्यालय १९२४ चे. १९३३ साली कोल्हापुराहून पुण्यास आलेली प्रभात फिल्म कंपनी आपले नाव येथल्या एका रस्त्याला देऊन गेली. अशा परिसरात शाळा, वाचनालय, दवाखाना आणि भाजीबाजार पायी गाठता येतो, टेकडी घरामागे असते, आणि वृद्ध माणसाला कोणाच्या वाहनाची प्रतीक्षा करावी लागत नाही. शहराबाहेरच्या विसाव्या मजल्यावरील प्रशस्त सदनिकेपेक्षा असे लहान, जुने घर श्रेयस्कर, असे माझे मत आहे. परंतु ते घेण्याची रीत निराळी आहे, आणि ती ठाऊक नसल्यामुळे पुष्कळांची आयुष्यभराची पुंजी कोर्टकचेऱ्यांत अडकून पडते.

अशा व्यवहारात जी किंमत सांगितली जाते ती बहुतांशी जमिनीची असते; विकणाऱ्याच्या, दलालाच्या आणि शेजारच्या बंगल्याचा पुनर्विकास करणाऱ्या विकसकाच्या हिशेबात उभ्या भिंतींचे मोल जवळजवळ शून्य धरलेले असते. म्हणून ‘इथे इतका चटई क्षेत्र निर्देशांक मिळेल’ हे वाक्य ग्राहकाच्या कानावर पहिल्याच भेटीत पडते. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे अधिमूल्य भरून मिळणारा निर्देशांक किंवा हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर) वापरण्यासाठी भूखंडासमोरचा रस्ता किमान ९ मीटर रुंद असावा लागतो, आणि या वसाहतींतील कितीतरी गल्ल्या त्याहून अरुंद आहेत. जेथे रुंदी वाढविण्याचे ठरते तेथे ती वाढ दोन्ही बाजूंच्या अंगणांतूनच घेतली जाते. सबब ज्याला तेथे राहावयाचे आहे त्याने भावी मजल्यांच्या आशेवर आजची किंमत मान्य करू नये, आणि महापालिकेकडून त्या भूखंडाचा विकास आराखड्यातील अभिप्राय आधी लेखी घ्यावा. नदीकाठच्या बाजूस घर असेल तर पूररेषाही त्याच वेळी पाहावी.

मग प्रश्न येतो जमिनीच्या मालकीचा. बंगला ज्याच्या नावे आहे त्याच्या मालकीची जमीन असेलच असे नाही. पुण्यातील कित्येक वसाहती सहकारी गृहरचना संस्थांनी वसविल्या. तेथे भूखंड संस्थेचा आणि सभासद दीर्घ मुदतीचा पट्टेदार अशी व्यवस्था आहे, आणि संस्थेच्या संमतीवाचून विक्रीस पूर्णत्व येत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठा वाहून गेल्यावर सहकारनगरासारख्या भागांत ज्या पूरग्रस्तांच्या संस्था वसल्या, त्यांच्या जमिनी शासनाने दिलेल्या. तेथे मूळ आदेशातील शर्ती कोणत्या, जमीन मालकी हक्काने रूपांतरित झाली आहे काय, जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि शासनाचा नजराणा लागतो काय, हे मूळ कागद वाचल्याशिवाय कोणीही सांगू शकणार नाही. हा नजराणा कोणी भरावयाचा याचा उल्लेख करारात नसला की तंटा ठरलेलाच.

या सर्व चौकशीचा आरंभ नगर भूमापन कार्यालयातून मिळणाऱ्या एका कागदापासून होतो. मिळकत पत्रिका हे त्याचे नाव. वरच्या भागात नगर भूमापन क्रमांक, क्षेत्र चौरस मीटरमध्ये, धारणाधिकार, हक्काचा मूळ धारक, पट्टेदार, इतर भार आणि इतर शेरे. खाली तक्ता, त्यात तारीख, व्यवहार, नवीन धारकाचे नाव आणि भूमापन अधिकाऱ्याचे साक्षांकन. नावापुढे ‘धा’ असेल तर तो धारक, ‘प’ असेल तर पट्टेदार, ‘भा’ असेल तर भार, म्हणजे बहुधा एखाद्या पतपेढीचे वा बँकेचे गहाण. हा तक्ता वरून खाली सावकाश वाचावा. एक नमुना पाहा : १९५८ साली आजोबांच्या नावे खरेदीची नोंद आहे, १९७९ साली ते मृत्युपत्र न करता वारले, आणि त्यानंतरच्या नोंदीत केवळ दोन पुत्रांची नावे चढली आहेत. आजोबांना तीन कन्याही होत्या ही गोष्ट पत्रिकेत नाही. ती शेजाऱ्यांना ठाऊक असते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे अशा स्वार्जित मिळकतीत विधवा पत्नी, पुत्र आणि कन्या यांचा हिस्सा समान आहे, आणि कन्येचे नाव दप्तरात लागले नाही म्हणून तिचा हक्क नष्ट होत नाही. ती सासरी, दूरच्या गावी वा परदेशी असो, तिची अथवा तिच्या वारसांची खरेदीखतावर सही हवी, नाही तर तिचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे. ‘ताईचे काही म्हणणे नाही’ हे विक्रेत्या बंधूंचे शब्द कितीही सद्भावनेचे असले तरी ते कागदावर उतरल्याशिवाय त्यांवर विसंबू नये. तो हक्क ताईचा आहे, आणि तो सोडायचा की त्याचे मोल घ्यायचे हे तिने ठरवावयाचे आहे. मिळकतकराच्या पावतीवरील नावाने मालकी सिद्ध होत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे.

दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक २ चा निदान ३० वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा आणि वृत्तपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवाव्या. हा खर्च एकंदर किमतीपुढे नगण्य आहे. मागच्या खोलीत जुना भाडेकरू असेल तर त्याला १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण आहे आणि घर विकले गेले म्हणून ते संपत नाही.

दप्तर निर्दोष निघाले म्हणजेच भिंतींकडे वळावे, आणि शक्य असल्यास पावसाळ्यात. जुनी बंगली दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात वीट किंवा दगड चुन्यात बांधलेल्या जाड भिंती, सागवानी वासे आणि मंगलोरी कौले. अशा भिंतीत जोत्यावरून वर चढणारी ओल चुन्यातून बाहेर पडून सुकते. परंतु मध्यंतरी कोणी तरी टापटिपीसाठी त्यावर सिमेंटचा गिलावा चढविलेला असतो, ओल आत कोंडते, आणखी वर चढते, आणि कमरेच्या उंचीवर पांढरा लोणा धरून रंगाचे पोपडे सुटू लागतात. पुन्हा रंग देऊन हा विकार बरा होत नाही. सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा करावा लागतो आणि जोत्याभोवती पाणी वाहून जाण्याची वाट करून द्यावी लागते. वाशांची टोके जेथे भिंतीत शिरतात तेथे पेचकसाने टोचून पाहावे. वाळवी तेथूनच लाकूड पोखरीत जाते.

दुसरा प्रकार सलोह काँक्रीटच्या छताचा. काँक्रीटमधील क्षारता आतल्या सळईचे रक्षण करते; पण हवेतील कार्बन डायऑक्साइड अनेक दशके आत मुरत गेला की ती क्षारता उणावते, ओल लागताच सळई गंजते, गंजलेले लोखंड मूळच्यापेक्षा अधिक जागा व्यापते आणि खालचे काँक्रीट ढलपे काढून पाडते. न्हाणीघरावरचे आणि गच्चीच्या टाकीखालचे छत हलक्या हातोडीने ठोकून पाहावे : खणखणीत नाद आला तर काँक्रीट सळईला धरून आहे, बद्द आवाज आला तर आत पापुद्रा सुटलेला आहे. अखेरचा निर्वाळा मात्र महापालिकेकडे नोंदलेल्या संरचना अभियंत्याचा; ३० वर्षांहून जुन्या इमारतीची अशी तपासणी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानेच आवश्यक ठरविली आहे. विजेच्या जुन्या तारा, गंजलेले नळ आणि मुळांनी तुंबलेली सांडपाण्याची वाहिनी ही बदलावीच लागतील असे गृहीत धरून चालावे.

पैशाची बाजू थोडक्यात. पुणे शहरात मुद्रांक शुल्क अधिभारांसह ७ टक्के, खरेदी स्त्रीच्या नावे असल्यास ६ टक्के. ते करारातील किंमत आणि शासनाचा वार्षिक मूल्यदर यांपैकी जी रक्कम अधिक असेल तिच्यावर आकारतात. म्हणजे २ कोटींच्या दस्तास १४ लाख, शिवाय नोंदणी शुल्क, जे ३० हजारांवर जात नाही. बँक कर्ज देताना इमारतीचे उर्वरित आयुष्य पाहते, त्यामुळे अपेक्षेहून कमी कर्ज मिळण्याचा संभव असतो. दुरुस्तीची रक्कम तर रोख हाताशी हवी.

वाचकांना माझी विनंती एवढीच की, मिळकत पत्रिका, शोध अहवाल, सर्व वारसांच्या संमत्या आणि अभियंत्याचा अहवाल हे चार कागद हाती येईपर्यंत विसार देऊ नये, मग दुसरा ग्राहक दारात उभा असल्याचे कोणी कितीही सांगो. खरेदीखत सही झाल्यापासून ४ महिन्यांच्या आत नोंदणीस सादर करावे. आणि नोंदणी झाल्यावर नगर भूमापन कार्यालयात आपले नाव धारक म्हणून चढले की नाही ते स्वतः जाऊन पाहावे, महापालिकेत मिळकतकराची आकारणी आपल्या नावे करून घ्यावी आणि स्वतः राहणाऱ्या मालकास मिळणाऱ्या ४० टक्के सवलतीचा अर्ज त्याच खेपेस द्यावा.